पन्नास मिनिटं, चाळीस सेकंद

४ फेब्रुवारी

प्रिय,

इथे तुझं नाव लिहावं की बाबा मारायचे ती हाक, यातच माझी पंधरा मिनिटं गेली. शेवटी जागा मोकळी सोडली आहे.

पत्ता वेल्डरकाकांच्या मुलीकडून मिळाला. तू लिफ्ट तपासतेस, असं ती म्हणाली. उंच इमारतींच्या लिफ्टचे दोर. ते ऐकून मी तिला पुन्हा विचारलं, दोरच ना?

बाबांना जाऊन आठ महिने झाले. तू आली होतीस, फाटकापाशी उभी राहिलीस आणि पाण्याचा घोटही न घेता गेलीस. मी पाहिलं होतं. हाक मारली नाही, कारण हाक मारून पुढे काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं.

आज लिहिते आहे ते कामासाठी. तंत्रशाळेचे एक सर दोनदा येऊन गेले. त्यांना बंब हवा आहे. त्यांच्या कार्यशाळेच्या दारात, काचेच्या छपराखाली ठेवणार म्हणतात. त्यांनी आधी विचारलं, "बंब का म्हणता?" मी सांगितलं, आमच्या वेल्डरकाकांनी पहिल्या वर्षी तो नुसता सांगाडा पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, धावली तर मोटार, नाही धावली तर पाणी तापवायला बंब." तेव्हापासून तेच नाव. सर हसले, पण वहीत लिहून घेतलं. सगळंच लिहून घेतात. आठ मीटर लांब, चाकं भरीव अॅल्युमिनियमची, इंजिन मोडीत काढलेल्या शिकाऊ विमानाचं. मी त्यांना इंधनपंपाचा दाब सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. चौथीत शाळा सुटलेली बाई हे बोलते, असं त्यांना वाटलं असणार. त्यांना काय माहीत, की मी नीट वाचायला शिकले तेच मुळी त्या इंजिनाच्या पुस्तकावर. बाबांचे हात तेलाचे असायचे, म्हणून पानं मी उलटायची आणि अडखळत वाचायची. कथा-कादंबऱ्या नंतर आल्या. त्या सोप्या वाटल्या.

सरांनी गाडीपुढे लावायच्या फलकाचा मजकूर तयार केला आहे. तसाच उतरवते:

"जुन्या विमानाच्या इंजिनावर धावणारी मोटार. लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरने घरामागच्या शेडमध्ये अकरा वर्षांत बांधली. जमिनीवरच्या वेगाचा देशातला विक्रम मोडण्याच्या प्रयत्नात पहिल्या फेरीत ताशी पाचशे तेवीस किलोमीटर वेग गाठला. गाडी थांबवणाऱ्या पॅराशूटची घडी वेळेत पूर्ण न झाल्यामुळे परतीची फेरी होऊ शकली नाही व विक्रम हुकला."

शेवटचं वाक्य वेल्डरकाकांनी सांगितलेलं. त्यांना तेच माहीत आहे. सगळ्यांनाच तेच माहीत आहे.

त्यात तुझं नाव नाही. पण पॅराशूटची घडी कोण घालायचं, हे विचारणारा पहिला माणूस भेटेपर्यंतच. वीस एप्रिलला क्रेन येणार आहे. त्याआधी मी होकार द्यायचा आहे. तुला ते वाक्य चालेल का?

मला स्वतःला ते तितकंसं बरोबर वाटत नाही. पण त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

आई


२६ फेब्रुवारी

प्रिय,

तीन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही, आणि ते का नाही हे मला कळतं. चौदा वर्षांनी आईचं पत्र येतं आणि त्यात ती विचारते, तुझ्यावरचा ठपका पितळी पाटीवर कोरला तर चालेल का. मी तुझ्या जागी असते तर फाडून टाकलं असतं.

म्हणून "पुन्हा केव्हातरी" म्हटलं होतं ते आजच लिहिते.

तो नियम तुला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. एक फेरी जाताना, एक येताना, दोन्हींची सरासरी धरायची, आणि दोन्ही एका तासाच्या आत. वारा पाठीशी घेऊन कुणी फसवू नये म्हणून. तू वाचून दाखवला होतास तेव्हा मीच म्हटलं होतं, किती शहाणा नियम आहे, जाणं एकट्याचं धरत नाहीत, परत येणंही मोजतात. बाबा म्हणाले होते, "हा नियम बायकांनी केलेला दिसतो."

तर ते मिनिटांचं. आपल्या घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं, आठवतं ना? बाबांची बस चुकू नये म्हणून. भिंतीवरचं पुढे, आणि त्याच्यावर लावलेलं माझं मनगटावरचंही पुढे. आपल्याला सवय होती. घड्याळ आठ म्हणालं की आपण मनात दहा मिनिटं वजा करायचो, पाहुणे मात्र धडपडत चपला शोधायचे.

त्या दिवशी आटलेल्या तलावाच्या पांढऱ्या मैदानावर, त्या उन्हात, मी ते वजा करायला विसरले असेन. डोकं ठिकाणावर नव्हतं. तुझं काम वेळेत झालं असेलही, आणि मी चुकीचा आकडा सांगितला असेल. इतकी वर्षं हे मनात येत होतं. बोलले नाही, कारण खात्री नव्हती. आता वाटतं, चूक माझीच झाली असावी. माणसाकडून चूक होते.

तू दोषी नव्हतीस एवढं तुला कळावं, म्हणून लिहिलं. सरांनाही तसं सांगेन. फलकावर "वेळेच्या गणनेतील चुकीमुळे" असं काहीतरी घालता येईल.

भिंतीवरचं घड्याळ आता बरोबर वेळ दाखवतं. तू गेल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या वर्षी एके दिवशी बाबांनीच स्टुलावर चढून ते मागे केलं. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "आता कुठे जायची घाई आहे?" निवृत्त झाल्यावर माणसं असंच काहीतरी करत बसतात.

तब्येतीला जप. उंचावर काम करतेस.

आई


१९ मार्च

तुझं कार्ड मिळालं.

चौदा वर्षांत एक ओळ. अक्षर अगदी बाबांसारखं झालंय, आकडे उभे आणि शब्द तिरके. मी ते चहा उकळत असताना वाचलं आणि चहा उतू गेला.

"आई, त्या दिवशी घड्याळं सगळ्यांची डब्यात होती. तुझंही. तुझ्या हातात माझं स्टॉपवॉच होतं."

बरोबर आहे. हो.

लिफ्टचे दोर तपासणारी मुलगी. तुझ्यापुढे मी पीळ पडलेला दोर ठेवला आणि वाटलं, चालून जाईल. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. विसरून नाही, समजून उमजून, दोनदा कच्चं लिहून मग पक्कं केलेलं खोटं. खरं सांगायला बसले होते आणि हात चुकीवर येऊन थांबला. चूक म्हणणं सोपं असतं. चुकीला कुणी 'का' विचारत नाही.

आता जे आहे ते लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा बसवणार नाही.

बाबांची रीत होती, काम करणाऱ्यानं घड्याळ पाहायचं नाही. "वेळ बघितली की हात घाबरतात." म्हणून बंबाला हात लावण्याआधी सगळ्यांची घड्याळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. शेडमध्येही तेच, मैदानावरही तेच. वेळ एकाच माणसाच्या हाती, आणि तो माणूस मी. तू त्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेलं किल्लीचं स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलंस आणि म्हणालीस, "आई, तू आज सगळ्यात मोठी ऑफिसर." वेळ मोजणाऱ्या पंचांचा तंबू पाच किलोमीटर लांब. त्यांच्याशी बोलायचा वायरलेसही माझ्याकडेच. म्हणजे त्या पांढऱ्या मैदानावर किती वाजले हे फक्त मला माहीत होतं. इतका अधिकार मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि त्याचं मी काय केलं पाहा.

पहिली फेरी झाली. मी खटका दाबला. आपण सगळे जीपमधून मागोमाग गेलो. बाबा बाहेर आले तेव्हा वेल्डरकाका ओरडले, "कशी पळाली?" बाबा म्हणाले, "झकास!" मग माझ्याकडे वळले. मी काही विचारलं नव्हतं. मला म्हणाले, "चालली." एवढंच.

मग सगळे कामाला लागले. काका चाकं पाहत होते, इंधनवाला टाकी भरत होता, तू मागे गुडघ्यांवर बसून पॅराशूट पसरलं होतंस. घडी घालायला मीच तुला शिकवलं होतं, माझ्या पडद्यांच्या शिलाईच्या टेबलावर, तू पंधरा वर्षांची असताना. कापडाला आधीची घडी आठवते, तिच्या विरुद्ध जायचं नाही, हे माझंच वाक्य. त्या दिवशी अर्धी घडी झाल्यावर तुला एक दोरी पिळलेली दिसली. तू सगळं सोडलंस आणि पहिल्यापासून घातलंस. काका म्हणाले, "अगं, चालतंय, सोड!" तू मान वर न करता म्हणालीस, "काका, तुम्ही बसणार आहात का आत?" ते पुन्हा चाकांकडे वळले.

त्यात सहा मिनिटं गेली. ती सहा मिनिटं मी पाहत होते, आणि मला तुझा इतका अभिमान वाटला की काट्यावरची नजर सरकली.

बाबा सावलीत माझ्याशेजारी बसले होते. त्यांनी मला विचारलं, "किती झाली?" मी म्हटलं, वीस. थोड्या वेळानं पुन्हा, "किती झाली?" पस्तीस. मग हेल्मेट घातलं आणि पट्टा मला बांधायला सांगितला. अकरा वर्षांत त्या पट्ट्याला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. मी बांधत असताना तिसऱ्यांदा विचारलं. अठ्ठेचाळीस.

तू तेव्हा मागे होतीस, म्हणून तुला हे कळलं नसेल. घाईतला माणूस विचारतो, किती उरली. बस पकडायची असते तेव्हा बाबा अंघोळीतून ओरडायचे, "किती मिनिटं उरली गं?" तीस वर्षं मी ते ऐकत होते. त्या दिवशी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा, किती झाली. दवाखान्यात बाकावर बसलेला माणूस विचारतो तसं. संपण्याची वाट पाहणारा.

मला तरी तसं वाटलं. मी बरोबर ऐकलं की मला हवं तसं ऐकलं, ते मला आजही सांगता येत नाही.

इंजिन चालू करून फेरी पुरी व्हायला सहा मिनिटं लागत. म्हणजे चोपन्नावं मिनिट ही शेवटची हद्द, हे सगळ्यांना पाठ होतं. तू झाकण बसवलंस, पट्टी ओढून पाहिलीस, हात वर केलास आणि म्हणालीस, "झालं!"

मी खटका दाबून काटा थांबवला. पन्नास मिनिटं, चाळीस सेकंद.

आणि मी मोठ्यानं म्हटलं, "पंचावन्न."

कुणी विचारलं नाही, कुणी माझ्या हातात डोकावलं नाही. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता. मी वायरलेसवर पंचांना सांगितलं, आम्ही थांबतोय. ते म्हणाले, बरं. पत्र्याचा डबा मी संध्याकाळपर्यंत उघडला नाही.

मग संध्याकाळ. विश्रामगृहाच्या त्या हिरव्या भिंतींच्या खोलीत बाबा तुला म्हणाले, "एक दोरी सरळ करायला सहा मिनिटं! माझी अकरा वर्षं तुझ्या त्या दोरीत अडकली." तू माझ्याकडे पाहिलंस. मी काही बोलेन म्हणून.

मी बोलले. मी म्हटलं, "असू द्या हो. पोरीनं काय मुद्दाम केलं का?"

तुझी बाजू घेतली असं मला तेव्हा वाटलं. त्या खोलीत मुद्दाम करणारी एकच बाई होती, आणि तिनंच तो शब्द तोंडातून काढला. त्या एका वाक्यानं दोष तुझ्या नावावर पक्का झाला. तू दोन महिन्यांनी गेलीस. मी तुला जाऊ दिलं, कारण तू थांबली असतीस तर मला बोलावं लागलं असतं.

दुसऱ्याच दिवशी वारा सुटला, पुढच्या वर्षी तलावातलं पाणी आटलंच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी इंजिन उतरवून ठेवलं. पुन्हा जायचं नाव काढलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "जुळून आलं नाही." त्या दिवसानंतर तेरा वर्षं जगले. कुंड्यांना पाणी घालायचे, शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करायचे, माझ्यासाठी वाचनालयातून पुस्तकं आणायचे आणि नेमकी वाचलेलीच आणायचे. ती तेरा वर्षं मी त्यांच्यासाठी वाचवली की त्यांच्याकडून काढून घेतली, हे कुठल्या पुस्तकात मिळत असेल तर मला अजून मिळालेलं नाही.

पण तुझी चौदा मात्र मी घेतली. त्यात शंका नाही.

मला माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायला अजून बरंच पुढे जावं लागेल.

आई


२ एप्रिल

प्रिय,

मागचं पत्र टाकल्यावर मला वाटलं, शब्दांवर तू आता विश्वास का ठेवावास. म्हणून ते स्टॉपवॉच शोधायला बसले. त्या दिवशी घरी आल्यावर मी ते माझ्या शिलाईच्या डब्यात, रिळांच्या खाली टाकलं होतं. काटा शून्यावर आणायची हिंमत झाली नव्हती आणि पुन्हा बघायचीही नाही. तू गेलीस, मग माझे डोळे अधू झाले, शिवणकाम सुटलं. तो डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. बारा वर्षं तरी मी तो उघडला नसेल.

परवा उघडला. रिळांखाली स्टॉपवॉच होतं. पण ते कापडात गुंडाळलेलं होतं.

मी ते कापडात गुंडाळलं नव्हतं. मी ते तसंच टाकलं होतं, सुया-बटणांत.

कापड तेलात भिजवून पिळलेलं, चारही टोकं आत दुमडलेली, वर मेणाच्या दोऱ्याची गाठ. बाबा त्यांची मोजायची हत्यारं अशी ठेवायचे, मायक्रोमीटर, कॅलिपर, सगळी. गंज चढू नये म्हणून. गाठ डाव्या हाताची, त्यांचीच.

आणि कापड ओळखीचं होतं. त्यांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. तू गेल्यावर तिसऱ्या वर्षी मी तो फाडून पुसणी केली होती.

मी गाठ सोडली.

त्यांना बटण हवं असेल, किंवा सुई. उघडलं असेल, आणि काटा दिसला असेल. पन्नास, चाळीस. दुसऱ्या कुणाला त्यातून काही कळलं नसतं. त्यांना एका नजरेत सगळं कळलं असणार. घड्याळ मागे केलं तेही त्याच सुमारास. "आता कुठे जायची घाई आहे?" मी हसले होते त्यावर.

आणखी एक आठवलं, ते लिहिते. त्याच वर्षी एका दुपारी ते फोनपाशी उभे होते. मी विचारलं, कुणाला? म्हणाले, "पोरीला. लागत नाहीये." मी दुसऱ्या खोलीत होते, आणि मला आकडे फिरवल्याचा आवाज आला नव्हता. त्यांनी फोन लावलाच नव्हता. तुला फोन लावला असता तर म्हणावं लागलं असतं, चूक तुझी नव्हती. मग तू विचारलं असतंस, मग कुणाची?

म्हणजे मी त्यांना वाचवायला गप्प राहिले, आणि ते मला सांभाळायला गप्प राहिले. अकरा वर्षं एका टेबलावर जेवलो. तेच मीठ पुढे सरकवलं. एकमेकांना इतकं जपलं आम्ही, आणि त्याचा खर्च सगळा तुझ्यावर टाकला.

त्यांना माझा राग आला होता का? की हायसं वाटलं? गंज चढू नये म्हणून जपून ठेवतो ते माणूस रागानं ठेवतो का? मी ते कापड नाकाला लावून पाहिलं. तेलाचा वास येतो, बाकी काही नाही.

आज वेल्डरकाकांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, काकूंच्या देखत. काका कितीतरी वेळ चमचा बशीवर वाजवत बसले. मग म्हणाले, "वहिनी, मी चौदा वर्षं त्या पोरीला दोष देत फिरलो. लग्नाकार्यात सांगितलं. चार लोकांना हसवलं त्यावर." मी म्हटलं, "आता त्याच लोकांना खरं सांगा." ते म्हणाले, "ते तुम्ही सांगा. मला सोसायचं नाही." मग दारापर्यंत आले आणि मी चपला घालत असताना म्हणाले, "पण मीही त्या चाकांत एक चीर पाहिली होती. केसाएवढी. मला वाटलं, एक फेरी निघेल."

तिथे काकू त्यांना म्हणाल्या, "तुम्ही एकटेच उरला होतात. झालं, सगळ्यांचं सांगून झालं आता?"

मी हसले. त्या घरात, तशा वेळी, मला हसू आलं. 

पण त्यानं मी सुटत नाही. चीर मला दिसली नव्हती. मी "पंचावन्न" म्हटलं ते चिरेसाठी नव्हतं.

उद्या सरांकडे जाते.

आई


२१ एप्रिल

दहा नंबर,

आज ती हाक लिहिते आहे. शेडमध्ये नेमका लागतो तेव्हा जागेवर नसणारा पाना, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. तू तेव्हा चार वर्षांची होतीस आणि पुढे बंब जिथे उभा राहिला, तिथल्या त्या जुन्या जीपखाली कायम सापडायचीस. रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल.

काल क्रेन आली. बंब शेडमधून बाहेर निघाला तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, एवढा लांब होता?" शेड आता इतकी मोकळी दिसते की मी आत जाऊन एकदा बोलून पाहिलं. आवाज घुमतो.

सरांनी आधी नाही म्हटलं होतं. फलकावर असं कुणी लिहीत नाही, घरातल्या गोष्टी घरात राहू द्या म्हणाले. मी म्हटलं, "सर, तुमच्या शाळेत मुलं मोजमाप शिकतात ना? मग त्यांच्या दारात चुकीचं माप लावू नका."  मग त्यांनी पेन काढलं. आता फलक असा आहे:

"परतीच्या फेरीसाठी गाडी पन्नास मिनिटं चाळीस सेकंदांत तयार होती. पॅराशूटची घडी: टर्नरची मुलगी. तिने एक पिळलेली दोरी वेळीच ओळखून घडी पुन्हा घातली व तरीही काम मुदतीत पूर्ण केले. वेळ पाहणाऱ्या व्यक्तीने, म्हणजे टर्नरच्या पत्नीने, मुदत संपल्याचे खोटे सांगितल्यामुळे फेरी झाली नाही."

सरांनी "चुकून" घालू का विचारलं. मी नको म्हटलं.

मुलं येता-जाता वाचतील आणि विचारतील, कोण ही बाई. विचारू देत. दर गुरुवारी मी तिथे जाऊन काच पुसणार आहे. सरांनी परवानगी दिली. कुणी विचारलं तर मी तिथेच असेन.

सोबतच्या पुडक्यात ते स्टॉपवॉच आहे, बाबांच्या त्याच कापडात. गाठ मी पुन्हा बांधली, पण त्यांच्यासारखी जमली नाही. काटा आहे तिथेच आहे. वरचा खटका दाबला की तो शून्यावर जाईल. मी दाबलेला नाही. ते तुझं आहे, तू ठरव.

मी एकोणसत्तर वर्षांची आहे. जिना चढताना मध्ये एकदा थांबते, बाकी बरी आहे. किती झाली, ते मला पाठ आहे. चौदा वर्षं, दोन महिने आणि काही दिवस.

यापुढे मी तसं विचारणार नाही. किती उरली, एवढंच विचारते आहे.

भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे. तू आलीस तर वजा काही करावं लागणार नाही.

आई